रिव्हर्सची आण

आण घेतली गड्यांनी अन् वझं आलं बायांच्या डोक्यावर. आता तुमी म्हणताल, पारूबाईला बोलायला काय लागतंय, पोखर्णीची लेक हाय, नरसिंहाच्या गावचं पाणी प्यालेली, राग तिच्या नाकावरच असतो. असतो तर असतो. चैताच्या उन्हात डोक्यावर कडबा घेऊन एकशे चाळीस पावलं चाला, मग सांगा मला रागाचं.

आमचं घर बोळीच्या टोकाला. बोळ पुढं बंद. ट्रॅक्टर सरळ आत घातला की वळायला जागाच न्हाई, म्हणून आमचे मालक रस्त्यावरूनच ट्रॉली उलटी लावायचे. आधी ट्रॉलीची पाठ आत, मग मागून इंजिन. दोन्ही भिंतींना चार-चार बोटं जागा. एका दमात ट्रॉली दारापशी यायची अन् मी ट्रॉलीचा मागचा फाळका सोडून कडबा, लाकूडफाटा, जे असंल ते घरात ओढून घ्यायची. लगीन होऊन आले तवापासून डोक्यावरच्या वझ्याखाली ठिवायची माझी चुंबळ खुंटीलाच टांगलेली होती.

आमचे मालक म्हणजे सुग्रीव. रिव्हर्सला त्यांच्या तोडीचा गडी सेलू तालुक्यात नव्हता, हे मी बायको म्हणून सांगत न्हाई, कुणालाबी विचारा. आमच्या धामणवाडीचे निम्मे गडी दिवाळी झाली की ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर जातेत, उसाच्या वाहतुकीला. तिथं भरलेली ट्रॉली, ऊस जिथं ओततेत त्या गव्हाणीला उलटी लावावी लागती. चार महिने दिवसरात मागं बघून बघून ट्रॉली मागं घ्यायची. एकोणीस वर्षाखाली असाच हंगाम संपवून सगळे जत्रंला गावात आले, अन् कुणाची ट्रॉली सरळ जाती यावरून पैज लागली. मालक, शिवशंकर अन् सिद्धोधनचा बाप आश्रुबा, ह्या तिघांची. आश्रुबानं गायरानात चुन्याच्या फक्कीच्या दोन रेघा मारल्या, शेवटाला दोन बल्ल्या रोवल्या. रेघंला चाक लागलं तर बाद, बल्लीला ट्रॉली टेकली तर बाद, अन् उरलेल्यात जो लवकर आणील तो पहिला. मालकांनी ती पैज जिंकली.

झालं. दरसाल चैती पुनवंला, खंडोबाच्या जत्रंत, रिव्हर्सची शर्यत. पुढं पुढं जिंतूरचे, पाथरीचे, पार माजलगावचे ट्रॅक्टर यायला लागले. शर्यतीच्या आधी पंधरा दिवस अख्खं गाव मैदानावर. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, खडा न् खडा वेचायचा. मालक नऊ साल पहिले आले. मी दर साली बल्ल्यांच्या मागं उभी राहायची, लाल पदर घेऊन. ते मागं वळून त्या पदरावर नजर धरायचे अन् ट्रॉली आणायचे. लोक शिट्ट्या मारायचे, मला लय लाज वाटायची, पण जागा सोडली न्हाई कधी.

आता जे गावाला ठाव नव्हतं ते सांगते. दीड साल झालं, मालकांची मान वळत नव्हती.

वीस-पंचवीस वर्षं उजव्या खांद्यावरून मागं बघितलेली मान ती. आधी कळ निघायची, मग हाताला मुंग्या, मग मान जी आखडली ती आखडलीच. उसाला जाणं सोडलं, अन् बोळ सवयीची म्हणून तिथं अंदाजानं निभायचं. रोज सांजच्याला मी करडीचं तेल कोमट करून चोळायची, विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेक द्यायची. आमची लेक अपेक्षा परभणीला नर्सिंगला हाय. तिनं फोटो काढायला लावला मानंचा. डॉक्टर म्हणला, मणके झिजले, ट्रॅक्टर बंद करा. मालकांनी तो फोटो कपाटावर टाकला अन् मला म्हणले, "पारू, गावात बोलू नको."

"कशामुळं? मान दुखती म्हणून कुणी फाशी देतंय का?"

"नऊ सालचा गडी हाय मी. लोक हसतेल."

गेल्या साली "पोरांना खेळू द्या" म्हणून टळलं. पण ह्या साली विसावं वरीस. गाव मालकांना नाना म्हणतंय. दिवाळीलाच मागं लागलं, नानानं उतरायचंच. मालक न्हाई म्हणू शकले न्हाईत. संक्रांतीनंतर एकदा म्या बघितलं, शेतात बॉनेटला दाढीचा आरसा सुतळीनं बांधून ट्रॉली मागं घ्यायलेत. आरशात डावं-उजवं कळंना, ट्रॉली बांधावर चढली अन् लिंबाचं रोप मोडलं. मी ज्वारीत दडून बघत होते. घरी येऊन म्हणले, "डुकरानं मोडलं." मी म्हणले, "असंल."

अन् शिमगा झाला, तसा शिवशंकर आला.

शिवशंकर आमच्याच गावचा, पण आता देवगाव फाट्याला त्याचं ट्रॅक्टरच्या सामानाचं मोठं दुकान हाय. पांढरी गाडी देवळापुढं लावली. सगळं गाव खंडोबाच्या मंडपात जमलं, आमी बाया मागं, खांबाशी. त्यानं आधी चहा सांगितला सगळ्यांला. तवाच माझ्या मनात आलं, हा काहीतरी वंगाळ सांगणार हाय.

"ह्या साली शर्यत फाट्यावर," तो म्हणला. "हायवे हाय, पार्किंगला जागा हाय. कंपनीवाले स्टेज देयलेत. मोबाईलवर सगळ्या महाराष्ट्रात दिसणार. हितं यायला धड रस्ता तरी हाय का?"

एका क्षणात मंडपात कालवा. परमेश्वर उठला. पंचविशीचं पोरगं, मालकांच्या मागं गावात त्याचाच हात चांगला. "एकोणीस वर्षं मैदान आमी दाबलं! लोकांला भाकरी आमच्या आयांनी थापल्या! अन् आता शर्यत मोठी झाली तर उचलून न्यायलास? शर्यत म्हणजे काय तुझ्या बापाचा कडबा हाय?"

"बाप काढू नको, परमेश्वर."

"काढला! काय करतो?"

सिद्धोधन कोपऱ्यात उभा होता. आश्रुबा वारले तवापासून फक्कीच्या रेघा तोच मारायचा. दोरी न लावता, नुसत्या नजरंनं. त्यानं हळूच इचारलं, "शिवभाऊ, तिथं पट्टा कोण मारणार?"

"मशीननं मारतेत आता," शिवशंकर म्हणला. "चुन्याची गाडीच येती."

सिद्धोधन हाताच्या बोटांकडं बघत बसला. शिवशंकर मालकांकडं वळला. "नाना, तुमचा सत्कार ठिवलाय स्टेजवर. फेटा, शाल, समदं. तेवढी ट्रॉली एकदा मागं घेऊन दाखवा लोकांला."

मालक उठले. मला वाटलं, आता शिव्या देतेत. ते सरळ गाभाऱ्यापशी गेले, परडीतला बेल उचलला, मूठभर भंडारा घेतला. लोकांकडं वळले ते अख्खं आंग वळवून, खांदे, छाती, पाय, सगळं. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या आलं.

"खंडोबाची आण," मालक म्हणले. "जी शर्यत ह्या गावात जलमली ती गावात परत येईस्तवर, ह्या शिवारात मी रिव्हर्स गिअर टाकणार न्हाई. सत्काराला येणार न्हाई. ट्रॉली मागं घेणार न्हाई."

मग काय इचारता! पोरं उठली, म्हातारे उठले. एकेकानं बेल उचलला. "येळकोट येळकोट" करून भंडारा उधळला, मंडप पिवळा झाला. गावात सत्तावीस ट्रॅक्टर, सत्तावीसच्या सत्तावीस मालकांनी आण घेतली. रागाच्या भरात कुणी इचार केला न्हाई की ट्रॅक्टर पुढं जातो तसा त्याला मागंबी यावं लागतं. सिद्धोधनपुढं परडी आली तसा तो म्हणला, "आमी बेल उचलत न्हाईत. पण मी फाट्याला जाणार न्हाई. माझा शब्द हाय." परमेश्वर म्हणला, "शब्दाचं काय, वाऱ्यावर जातोय." सिद्धोधन नुसता हसला.

घरी आल्यावर मी दार लावून घेतलं. "आण घेतली का मान झाकली?"

मालक बाजेवर बसले. मग म्हणले, "शर्यत गेल्याचा राग न्हाई का मला? शिवाला म्या शिकवलं गिअर टाकायला."

"राग हाय. पण जीव हलका झाला का न्हाई, खरं सांगा."

"तेल आण," ते म्हणले. मी तेल आणलं. मान दगडासारखी झाली होती.

दुसऱ्या दिशी कडबा आला. ट्रॉली बोळीच्या तोंडाशी थांबली अन् मालकांनी हॉर्न दिला. मी खुंटीवरची चुंबळ काढली, धूळ झटकली अन् डोक्यावर ठिवली. एकशे चाळीस पावलं. बारा खेपा. सांजच्याला माझी मान त्यांच्यासारखी झाली.

तिथून गावात जो तमाशा सुरू झाला, काय सांगू. नळाचं पाणी चैतात बंदच असतंय, टँकर विहिरीपशी उलटा लावून पाणी सोडायचे. आता टँकर वेशीतच उभा. बाया हंडे घेऊन वेशीत. ज्याचं-त्याचं शेत चिंचोळं, म्हणून वळायला दुसऱ्याच्या शेतातून ट्रॅक्टर जायला लागले, रोज भांडण. एके दिशी तर परमेश्वरचा ट्रॅक्टर अन् टँकरवाला महारुद्र मधल्या गल्लीत समोरासमोर आले. दोघांनीबी बेल उचललेला. हा म्हणतो तू घे मागं, तो म्हणतो तू घे. दीड घंटा हॉर्न. शेवटाला आठ गड्यांनी मिळून परमेश्वरची रिकामी ट्रॉली सोडवली अन् आधी ती, मग ट्रॅक्टर हातानं मागं ढकलला. हातानं ढकललं तर आण मोडत न्हाई म्हणे! ढकलता ढकलता रुख्मिणीच्या गोठ्याचं कूड पाडलं. रुख्मिणी आमची शेजारीण, तिच्या तोंडाला फळीच न्हाई.

"देवा खंडोबा," ती गल्लीत उभी राहून वरडली, "ह्या मुडद्यांला पुढं जायची अक्कल न्हाई, मागं यायची आण हाय, ह्यांला आता जागच्या जागीच ठिव!"

गड्यांचं चित्तच थाऱ्यावर न्हवतं. दरसाली ह्या दिसांत मैदानावर रोलर फिरायचा. आता हात रिकामे. सांजच्याला सगळे जण ओक्याबोक्या मैदानाच्या कडंला जाऊन बसायचे अन् मोबाईलवर फाट्याचं मैदान बघायचे. "मुरूम टाकलाय बघ. मुरमावर चाक घसरतंय." "स्टेज बघ की, लग्नाचं हाय का शर्यतीचं?" शिव्या द्यायचे अन् पुन्हा तोच व्हिडिओ लावायचे. मालक त्यांच्यात बसायचे न्हाईत. घरातून दारात, दारातून घरात. जेवता जेवता उठायचे. ट्रॅक्टर पुसायचे, जो पुसायची काहीच गरज नव्हती.

एकदा म्हणले, "माझ्यापायी गावाचे हाल व्हायलेत का गं?"

"व्हायलेत," मी म्हणले. काऊन खोटं बोलू?

"मग सांगून टाकू का?"

"सांगा."

ते उठले, चपला घातल्या, वेशीपर्यंत गेले अन् मिरच्या घेऊन परत आले. मी मिरच्या घेतल्या अन् देठं खुडायला बसले.

हळद काढायचे दिस ते. ह्या साली गावात चौदा घरांची हळद होती. शिजवलेली हळद वाळवायला टणक, साफ जागा लागती, न्हाई तर माती चिकटती. दरसाली जो-तो आपल्या खळ्यावर टाकायचा, पण खळी आडवाटंला, तिथून ट्रॉली उलटी घेतल्याबिगर निघतच न्हाई. मी म्हणले, मैदान रिकामं पडलंय, एकोणीस वर्षं दाबलेलं, सिमिटासारखं. टाका तिथं.

सिद्धोधनचा जीव कळवळला. "वैनी, पट्ट्यावर हळद?"

"मग काय पट्ट्याला हार घालून ठिवायचा? शर्यत गेली, जमीन कुठं गेली?"

तो तसाच निघून गेला. पहाटं मी गेले तर त्यानं मैदान झाडून काढलं होतं. अन् फक्कीच्या रेघा मारल्या होत्या, चौदा घरांचे चौदा वाटे, कुणाची हळद कुणाच्यात जाऊ नये म्हणून. रेघा कशा, वाण्याच्या तागडीवर तोलल्यावानी. मला भरून आलं. मी म्हणले, "भाऊ, मशीनला जमलं नसतं हे." तो म्हणला, "उगं काहीतरी, वैनी," पण तोंड उजळलं त्याचं.

दहा-बारा दिस हळद वाळली. अन् चैती पुनव आली.

सकाळी देवाला निवद झाला अन् गावातले गडी एकेक करून निघायला लागले. परमेश्वर म्हणला, दात दुखायलाय, परभणीला जातो. महारुद्र म्हणला, सोयरीक बघायची हाय. पंडित गुरुजी, ज्यांना रिटायर होऊन आठ वर्षं झाली, ते म्हणले, शाळेचं काम हाय. रविवारी! मोटारसायकलीवर तिघं-तिघं, सगळे फाट्याच्या रस्त्याला. बघायची आण कुठं घेतली होती कुणी? रुख्मिणीचा नवरा नवी टोपी घालून बैलाला औषध आणायला गेला. ती म्हणली, "बैल विकून दोन साल झाले आमचा."

दुपारपर्यंत गावात गडी म्हणून म्हातारे, लेकरं, मालक अन् सिद्धोधन.

मालक दारात बसले होते. फाटा अकरा किलोमीटर, पण ते असे बसले की जणू भोंगा ऐकायला येतोय. "आता पहिली ट्रॉली सुटली असंल," म्हणले. थोड्या वेळानं, "मुरमावर जोर लावू न्हाई, हळू घ्यावी." मला म्हणायलेत का सोताला, कळंना.

तीनच्या सुमाराला उजेड बदलला. मी उंबऱ्यात डाळ निवडायले होते, सुपातली डाळ दिसंना. वर बघितलं तर उगवतीकडून काळं आभाळ चढत होतं. वारं पडलं. तेवढ्यात सिद्धोधन पळत आला.

"वैनी, हळद!"

आता ज्याला ठाव न्हाई त्याला सांगते. वाळत आलेली हळद भिजली की काळी पडती, आतून कुजती. वरीसभराची मेहनत मातीत. चौदा घरं. मी बोळीतून वरडत सुटले. बाया घरातून निघाल्या, कुणी पाटी घेतली, कुणी घमेलं, कुणी नुसतं लुगडं. मैदानावर पोचेस्तवर मालकांनी ट्रॅक्टर आणला, ट्रॉली जोडलेली.

हळद ठिवायला एकच जागा होती, सोसायटीचं जुनं गोडाऊन, मैदानाच्या टोकाला. पण गोडाऊनला जायला शाळंची भिंत अन् देवळाची भिंत, ह्यांच्या मधून चिंचोळी वाट. सरळ आत गेलं तर ट्रॅक्टर तिथंच अडकतो, बाहेर यायला जागा न्हाई. उलटीच लावायची, आत जाऊन ट्रॉली जॅकवर उचलायची, ओतायची, निघायचं. पाट्यांनी न्यायचं म्हणलं तर सांज झाली असती. आभाळ तर डोक्यावर आलेलं.

आमी तीस-पस्तीस बायांनी पहिली ट्रॉली भरली. हात पिवळे, तोंड पिवळे. मालकांनी ट्रॅक्टर वाटंच्या तोंडाशी पाठमोरा नेऊन थांबवला. अन् थांबले ते थांबलेच.

"अवं नाना!" रुख्मिणी वरडली. "लावा की!"

"आण हाय," मालक म्हणले.

"आण घेणारे फाट्यावर भेळ खायलेत! लावा!"

मालकांनी स्टिअरिंगवरचे हात सोडले न्हाईत. मी जवळ गेले, चाकापशी. ते माझ्याकडं बघून हळू म्हणले, "मला मागं दिसत न्हाई गं, पारू. भिंतीला घालीन. सगळ्यांसमोर."

"सगळे कुठं हायेत? बायाच हायेत."

"अन् देव?"

"देवाच्या परडीत काय असतंय? हळदच ना? ती भिजलेली चालती का त्याला? तुमी गिअर टाका, देवाला मी बघते." मी पदर खोचला, चाकावर पाय ठिवला अन् डाव्या मडगार्डावर चढून बसले, तोंड मागं करून. जलमात कधी मडगार्डावर बसून मागं बघितलं नव्हतं. मी तर मागं उभी राहून पुढं बघायची.

"तुमी समोर बघा," मी म्हणले. "मागं मी बघते."

मालकांनी डोळे मिटले, उघडले. अन् गिअर टाकला. महिनाभरानं तो आवाज आला गावात, खर्रर्र.

"डावीकडं चाललीय… डावीकडं… बास! धरा!"

ट्रॉली शाळंच्या भिंतीला घासली, पोपडा पडला. मालकांचा चेहरा कसनुसा झाला. पुढं घेतली, पुन्हा मागं. मी सांगायची ते उशिरा व्हायचं. इंजिनाच्या आवाजात वरडून वरडून घसा बसला. मग मला सुचलं, वरडायचं कशाला. मी त्यांच्या मानंवर हात ठिवला, जिथं रोज तेल चोळायची तिथंच. ट्रॉली डावीकडं निघाली की डाव्या अंगाला दाबायची, उजवीकडं निघाली की उजव्या. दीड साल त्या मानंची शीर न् शीर ओळखते मी. अन् ट्रॉली सरळ चालली हो! भिंती दोन्ही अंगानं चार-चार बोटं राखून सरकायल्या. सिद्धोधन आत गोडाऊनात उभा होता, दोन्ही हात वर करून. "येऊ द्या, वैनी, येऊ द्या… बास!"

पहिली ओतली. दुसरी ओतली. तिसरीला विजा चमकायला लागल्या. चौथीला टपोरे थेंब आले, बाया लुगड्यात हळद बांधून पळायल्या, रुख्मिणीनं पोलक्यातबी कोंबली. पाचवीला गारा. माझ्या डोक्यावर ताडताड बसायल्या, पण हात काढला न्हाई मी. सहावी ट्रॉली आत गेली अन् मागून पाऊस असा कोसळला की मैदान दिसंना. चौदा घरांची हळद आत होती. चार-दोन पाट्या गेल्या असतील, तेवढ्या जाऊ द्या.

मालक स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. रडायले का पाऊस होता, मी इचारलं न्हाई. म्हणले, "ह्या सहा, नऊ पहिल्या नंबरांहून भारी गं."

पाऊस थांबला अन् तासाभरानं गडी आले, ओलेचिंब. मोटारसायकली घराकडं न जाता सरळ मैदानावर. हळद गेली म्हणून तोंडं पडलेली. गोडाऊनात बघितली तवा कुठं जीवात जीव आला. मग सगळ्यांची नजर मैदानावर गेली. ओल्या मातीत शेवटल्या खेपांच्या चाकांच्या खोल खुणा उमटल्या होत्या, मैदानातून त्या चिंचोळ्या वाटंत. रिव्हर्सच्या खुणा आमच्या गावात लेकरूबी ओळखतं.

परमेश्वर वाकून बघायला लागला. "सरळ हाय. पार सरळ. कुणी लावली?" मग त्याला आण आठवली. "अन् आण?"

"तुझा दात कसा हाय आता?" रुख्मिणीनं इचारलं. परमेश्वरनं मान खाली घातली. कुणीतरी हळूच इचारलं, कशी झाली शर्यत? परमेश्वरला खोटं बोलता येईना. "लय भारी झाली," म्हणला. "अकरा सेकंदात आणली एका गड्यानं. पण आमाला बांबूच्या मागं उभं केलं. म्या म्हणलं आमी धामणवाडीचे, शर्यत आमची. तो पहारेकरी म्हणला, कोणती धामणवाडी?"

कुणी हसलं न्हाई. तवा मालक पुढं आले. अख्खं आंग वळवून सगळ्यांपुढं उभे राहिले.

"आण म्या मोडली," म्हणले. "देवाला दंड म्या देईन. पण एक ऐका. माझी मान वळत न्हाई. दीड साल झालं. ह्या साली उतरलो असतो तर रेघंवरच बाद झालो असतो. शर्यत गेली त्याचा राग खरा हाय, पण बेल म्या त्या रागापेक्षा लाजंनं उचलला. अन् तुमा सगळ्यांला त्यात ओढलं. ट्रॉली आज पारूनं आणली. मी नुसतं चाक फिरवलं."

मला वाटलं, आता हसतेत. कुणी हसलं न्हाई. पंडित गुरुजी ओली टोपी पिळत राहिले. परमेश्वर पुन्हा खाली बसला, खुणंवर हात ठिवला, लय वेळ बघितलं. मग म्हणला, "नाना, मान न वळता? काकीच्या हातावर? मला न्हाई जमायचं." अन् सिद्धोधनकडं वळून म्हणला, "भाऊ, तुझा शब्द राहिला. आमचा बेल गेला."

शर्यत काही परत आली न्हाई. पुढच्या सालीबी फाट्यालाच हाय म्हणतेत, मोठं स्टेज टाकणारेत. गड्यांची तळमळ जायची न्हाई, अजूनबी सांजच्याला मैदानाच्या कडंला बसतेत. पण दुसऱ्या दिशी तांबडं फुटल्यापासून गावात सगळीकडून खर्रर्र खर्रर्र ऐकू यायला लागलं, सत्तावीस ट्रॅक्टर. टँकर विहिरीपशी लागला. रुख्मिणीचं कूड परमेश्वरनं नीट करून दिलं.

दुपारी मालक कडबा घेऊन आले. बोळीच्या तोंडाशी ट्रॉली थांबली, हॉर्न वाजला. मी आपली सवयीनं चुंबळ डोक्यावर ठिवून गेले. बोळीतल्या समद्या बाया दारात उभ्या होत्या. मालकांनी समोर बघतच मडगार्डावर थाप मारली.

"चुंबळ काढ," म्हणले. "वर बस."

उन्हानं मडगार्डाचा पत्रा तापला होता. मी चुंबळ त्याच्यावर टाकली अन् तिच्यावर बसले, तोंड मागं करून. त्यांच्या मानंवर हात ठिवला.

"चला," मी म्हणले, "येऊ द्या."